गाडीचे आयडलिंग बिघडले तर दोष कसा शोधावा: क्रमवार मार्गदर्शन

आयडलिंग म्हणजे गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालणे. त्याची तक्रार घेऊन गाडी गॅरेजात गेली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा भाग) साफ करणे. त्याने फरक पडला नाही तर प्लग बदलले जातात, नंतर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग), नंतर एखादा सेन्सर, आणि एवढा खर्च होऊनही कोल्हापुरातल्या ताराराणी चौकाच्या सिग्नलला एसी लावून उभी राहिलेली गाडी थरथरून बंद पडतेच. यात चूक क्रमाची असते. तपासणी होण्याआधीच दुरुस्ती सुरू झालेली असते. पुढे दिलेला क्रम मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या, फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांसाठी आहे. त्यातल्या बऱ्याच तपासण्या गाडीमालकाला घरच्या अंगणात करता येतात, आणि उरलेल्यांसाठी मेकॅनिककडे जाताना त्याला नेमके काय सांगायचे हे ठाऊक असते.

पाय ॲक्सिलरेटरवर नसतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला लागणारी थोडीशी हवा झडपेच्या कडेच्या फटीतून किंवा शेजारच्या आयडल व्हॉल्व्हमधून जाते. ही हवा इतकी कमी असते की काडीएवढ्या भोकातून शिरलेली जादा हवाही मिश्रण बिघडवते. तेच भोक गाडी हायवेला धावत असताना कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे असे की ठरलेली रेस (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) टिकवण्याचे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, सतत करत असतो. रेस घसरू लागली की तो हवा वाढवतो, इग्निशनचे टायमिंग पुढे घेतो, आणि त्यामुळे लहान दोष महिनोन्‌महिने झाकला जातो. आयडलिंग बिघडल्याचे आपल्याला जाणवते तेव्हा ईसीयूची सावरण्याची मर्यादा संपलेली असते. म्हणूनच पुष्कळदा दोन लहान दोष एकत्र सापडतात आणि त्यातला एक काढल्यावर सुधारणा अर्धवटच दिसते; अशा वेळी पहिली दुरुस्ती वाया गेली असे समजू नये.

आधी लक्षण नेमके ठरवावे

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी, दिवे आणि पंखा बंद ठेवून टॅकोमीटरचा काटा पाहावा. चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत तो साधारण ६५० ते ८५० आरपीएमच्या दरम्यान असतो, तीन सिलिंडरच्या काही गाड्यांत थोडा वर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर काटा १२०० ते १५०० पर्यंत जाणे आणि इंजिन तापत जाईल तसा खाली येणे हे योग्यच आहे. एसीचा कॉम्प्रेसर लागताना काटा क्षणभर खाली जाऊन लगेच सावरला तर तोही दोष नव्हे.

यानंतर आपली तक्रार चारपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवावे. रेस सतत चढी राहते, सतत कमी राहून गाडी बंद पडते, एका लयीत वरखाली होते, की काटा स्थिर असूनही इंजिन हादरते? हा चौथा प्रकार पुष्कळदा आयडलिंगचा दोष म्हणून दुरुस्तीला येतो, परंतु काटा ८०० वर स्थिर असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे) किंवा फाटलेले इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबर) यांचा संशय आधी घ्यावा. मिसिंगचा हादरा अनियमित असतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हाताचा तळवा धरला तर मधूनच ठोका चुकल्याचे जाणवते. माउंटिंगचा हादरा एकसारखा असतो आणि रेस थोडी वाढवताच नाहीसा होतो.

तक्रार केव्हा येते हे कागदावर लिहून काढावे: थंड असताना की गरम झाल्यावर, एसी लागल्यावर, ब्रेक दाबल्यावर, टाकी काठोकाठ भरल्यानंतर, गाडी धुतल्यानंतर, की बॅटरी बदलल्यापासून. यातल्या प्रत्येक उत्तराला पुढे अर्थ आहे. सीएनजीची गाडी असेल तर एक तपासणी फुकटात होते, ती म्हणजे तोच दोष दोन्ही इंधनांवर येतो का हे पाहणे. दोन्हींवर येत असेल तर हवा, प्लग किंवा इंजिनाचा यांत्रिक भाग पाहावा. फक्त पेट्रोलवर येत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, आणि फक्त सीएनजीवर येत असेल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर पाहावेत. यात एक अपवाद लक्षात ठेवावा. सीएनजी पेटवण्यासाठी ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा अशक्त कॉइल आधी गॅसवरच उघडे पडते.

भाग खोलण्याआधी स्कॅनर लावावा

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते, ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड तिथून वाचता येतात. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचे ॲप एवढ्यावर पुढचे सर्व आकडे दिसतात. पी०५०६ या कोडचा अर्थ रेस अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ चा अर्थ अपेक्षेपेक्षा जास्त, पी०१७१ चा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि पी०३०० चा अर्थ मिसिंग. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड मिसिंग कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते सांगतात. कोड म्हणजे निदान नव्हे. पी०५०६ आला म्हणून आयडल व्हॉल्व्ह विकत आणणे हा पैशाचा अपव्यय आहे, कारण तो कोड फक्त तक्रार नोंदवतो, कारण सांगत नाही. कोड दिसला नाही म्हणून दोष नाही असेही मानू नये.

कोडपेक्षा चालू आकडे अधिक उपयोगी असतात आणि त्यांतही तीन आकड्यांवर वेळ घालवावा. पहिला कूलंटच्या तापमानाचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इग्निशन ऑन केल्यावर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे दिसले पाहिजे. कूलंटचा आकडा उणे ४० दिसला तर सेन्सरचा कनेक्टर निसटलेला किंवा वायर तुटलेली आहे. गाडी अर्धा तास चालवूनही तापमान ७० च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही दिसते आणि ती चुकीची आहे. अशा गाडीचा ईसीयू इंजिन थंडच आहे असे समजून पेट्रोल आणि रेस दोन्ही वाढवून ठेवतो.

दुसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाबाचा. आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांत हा सेन्सर असतो. इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने तो आकडा इथे ९४ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास असायला हवा. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेल्यावर १०० च्या पुढे आणि पन्हाळ्यावर ९० च्या जवळपास. कोल्हापुरात उभ्या असलेल्या गाडीत तो १०१ किंवा ८५ दिसत असेल तर आधी सेन्सर, त्याचे रबर आणि त्याची वायर पाहावी. इंजिन गरम होऊन आयडलिंगला आल्यावर तोच आकडा साधारण २८ ते ४० च्या दरम्यान उतरतो. व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधला शोष मोजणारे मीटर) वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पुस्तकांतले पाऱ्याचे १८ ते २१ इंच हे आकडे समुद्रसपाटीचे असतात आणि कोल्हापुरात निरोगी इंजिनही त्याहून दीड-दोन इंच कमी दाखवते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या इंजिनावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) गेल्याचा शिक्का बसू शकतो.

तिसरा आकडा फ्युएल ट्रिमचा. ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो हे त्यावरून कळते. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० च्या पलीकडे गेली तर दोष शोधायलाच हवा. जुनी गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर चालू झाल्यावर ट्रिम तीन-चार टक्के अधिक दिसणे मात्र स्वाभाविक आहे, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि त्याच हवेला अधिक इंधन लागते. ट्रिम आयडलिंगला आणि २५०० आरपीएमवर अशी दोन्हीकडे वाचावी. आयडलिंगला अधिक १५ आणि २५०० वर अधिक ३ अशी ती उतरत असेल तर कुठूनतरी हवा चोरवाटेने शिरते आहे. उलट रेसबरोबर ती वाढत असेल तर पेट्रोल पुरे पडत नाही.

एक बारकावा मात्र समजून घेणे आवश्यक आहे. हवा मोजणारा मॅफ सेन्सर ज्या गाडीत असतो तिथे गळतीची हवा न मोजता आत जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि रेस खाली येऊन इंजिन अडखळते. फक्त मॅप सेन्सर असलेल्या गाडीत त्याच गळतीने मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो, आणि रेस चढी राहते. त्यामुळे ट्रिम ठीक आहे म्हणजे गळती नाही, हा निष्कर्ष मॅपच्या गाडीला लागू होत नाही. तिथे चढलेली रेस हीच गळतीची खूण आहे.

हवेची गळती शोधणे

हे काम मोकळ्या जागेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून करावे. शटर लावलेल्या गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाह्या दुमडाव्यात आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात दूर ठेवावेत, कारण तो न सांगता सुरू होतो.

एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाईप आधी पाहावा. त्याच्या घड्या बोटांनी ताणल्याशिवाय चीर दिसत नाही. त्यानंतर क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) वायू मॅनिफोल्डकडे नेणारा पीसीव्हीचा पाईप पाहावा आणि यावर घाई करू नये. वरून हा पाईप नवाकोरा दिसतो. खालच्या बाजूने अंगठा फिरवला की वळणावर तेलाने फुगलेली, मऊ पडलेली जागा लागते, आणि पाईप किंचित वाकवताच तिथली चीर ओठ उघडावेत तशी उघडते. पाईप जागेवर सरळ असताना चीर मिटते, इंजिन हलले की उघडते, म्हणूनच अशा गाडीची रेस कधी बरोबर आणि कधी चढलेली असते. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. बहुतेक इंजिनांत आयडलिंगला लगेच फरक पडतो. काहीच फरक पडला नाही तर गळती आधीपासूनच आहे किंवा पीसीव्ही चोंदलेला आहे. झाकण ओढून काढावे लागेल एवढा शोष असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा पडदा फाटला आहे.

ब्रेक बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाच्या) पाईपसाठी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक झाल्यावर दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. उभ्या गाडीत ब्रेक दाबला की रेस बदलते किंवा पायाशी फुसफुस ऐकू येते असे असेल तर बूस्टरचा पडदा गळतो आहे, आणि ही दुरुस्ती पुढे ढकलू नये, कारण प्रश्न ब्रेकचा आहे. टाकी भरून आल्यावरच गाडी उशिरा सुरू होते आणि थरथरते अशी नोंद असेल तर कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप, पाहावा. सकाळी थंड इंजिन सुरू करून लगेच त्याचा कॅनिस्टरकडचा पाईप काढावा आणि तोंडावर बोट ठेवावे. त्या वेळी तिथे शोष नसावा. असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे.

करवीर, शिरोळ, हातकणंगले या पट्ट्यात उसाच्या फडाशेजारी गाड्या उभ्या असतात आणि ऊसतोड सुरू झाली की उंदीर घरांकडे आणि गाड्यांकडे वळतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या खालच्या, न दिसणाऱ्या नळ्या आरसा आणि टॉर्च घेऊन पाहाव्यात. लेंड्या दिसल्या तर वायरिंगही तपासावे.

डोळ्यांनी काही सापडले नाही तर लहान नळ्या एकेक करून कापड गुंडाळलेल्या पकडीने अलगद दाबाव्यात. जी दाबल्यावर रेस बदलते तिच्या पुढचा भाग संशयित. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत रूढ आहे, पण गरम इंजिनावर ती आगीला आमंत्रण ठरते, म्हणून साध्या पाण्याचा बारीक फवारा सांध्यावर मारावा, वायरिंगचे कनेक्टर आणि कॉइल यांवर पाणी जाऊ देऊ नये. पाणी गळती क्षणभर बुजवते आणि आवाज बदलतो. स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र) उपलब्ध असेल तर सर्वांत उत्तम. मॅनिफोल्डचा पृष्ठभागच वाकला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो फेसिंग (घासून सपाट) करून मिळतो. तिथे हे काम सहज होत असताना जाड सिलिकॉन भरून वेळ मारून नेण्याचे कारण नाही.

थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह

गळती नाही याची खात्री झाल्यावर इकडे वळावे. झडपेच्या कडेला काळे कडे जमले असेल तर हवेची फट बुजते आणि रेस कमी पडते, विशेषतः एसी लागताना. क्लीनर थेट आत न ओतता कापडावर घेऊन पुसावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन ऑन असताना बोटाने ढकलू नये. आतले गिअर प्लास्टिकचे असतात आणि मोटर अचानक फिरून बोट चिरडू शकते. केबलच्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह काढून त्याचे टोक आणि बसण्याची जागा साफ करावी, टोक मात्र दाबू किंवा ओढू नये. ॲक्सिलरेटर केबलला थोडी ढील आहे आणि पेडलखाली मॅट अडकलेली नाही हेही पाहावे.

सफाईनंतर रेस चढी राहिली तर घाबरू नये. ईसीयूने बुजलेल्या फटीचा हिशेब धरून ठेवलेला असतो, तो नव्याने शिकवावा लागतो. काही गाड्यांत थोडे चालवल्यावर ते आपोआप होते, काहींत स्कॅनरने थ्रॉटल ॲडाप्टेशन करावे लागते. पद्धत त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच करावी. बॅटरी बदलल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर कारण बहुधा हेच असते. थ्रॉटलच्या कडेला रंगाची खूण केलेला जो स्टॉप स्क्रू असतो त्याला कधीही हात लावू नये. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत स्क्रू फिरवून स्लो सेट करणे योग्य होते, कारण तो त्याचसाठी दिलेला होता. इंजेक्शनच्या गाडीतला स्क्रू झडप भिंतीला घासू नये एवढ्यासाठी कारखान्यात लावलेला असतो. तो फिरवून रेस वाढवलेल्या गाडीत मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या माणसाला तो शोधणे दुप्पट कठीण होते.

ठिणगी, पेट्रोल आणि बॅटरी

प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक चांगले. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओले तेल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. चारही एकसारखे काळे असतील तर कारण सर्वांना सामाईक आहे, एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरचे पाहावे. कॉइलचा संशय असेल तर नवी आणण्याआधी दोन सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल कराव्यात. मिसिंगचा कोड कॉइलबरोबर सरकला तर ती खराब. गाडी धुतल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर प्लगच्या खळग्यात साचलेले पाणी पुसून काढावे. कोणता सिलिंडर निकामी आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनावरची प्लगची वायर उपटू नये, झटका बसतो आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. मॅनिफोल्डमध्ये फवारा सोडणाऱ्या इंजिनांत इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून क्षणभर काढावा. जो काढल्यावर रेस पडत नाही तो सिलिंडर काम करत नव्हता. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या इंजिनांत हे करू नये.

पेट्रोल पंप केवळ आयडलिंगच्या तक्रारीसाठी बदलू नये. अशक्त पंप किंवा चोंदलेला फिल्टर आधी चढावर आणि जोरात चालवताना जाणवतो, कारण आयडलिंगला पेट्रोल अगदी थोडे लागते. बॅटरीच्या टोकांवर इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. दिवे लावताच रेस पडत असेल तर अल्टरनेटर आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती गंजते.

पीयूसीची पावतीही इथे कामी येते. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. पहिला आकडा चढलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते. पहिला कमी आणि दुसराच खूप चढलेला असेल तर मिसिंग होते आहे.

इतके करूनही दोष राहिला तर

मग इंजिन आतून तपासावे. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होते, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि थंड असताना ठीक चालणारे इंजिन गरम होताच अडखळते. इथे फक्त टॅपेट सेटिंगने गाडी सुधारू शकते, म्हणून हेड खोलण्याआधी ते करावे. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड अडकतो. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहिला तरीही इंजिन आयडलिंगलाच अडखळते आणि वेग घेतल्यावर बरे चालते.

डिझेल गाडीसाठी क्रम वेगळा आहे. तिथे इंजेक्टरचा रिटर्न (इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल) मोजणे, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते का पाहणे आणि ईजीआर तपासणे यांना प्राधान्य द्यावे. चालू इंजिनावर कॉमन रेलचा (सर्व इंजेक्टरना दाबाखाली डिझेल देणाऱ्या नळीचा) नट सैल करू नये; आयडलिंगलाही रेलमध्ये २०० बारहून अधिक दाब असतो आणि ती धार कातडी भेदून आत जाते. बीएस-६ डिझेलमध्ये मधूनच रेस चढून पंखा जोरात फिरू लागला तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई चालू असण्याची शक्यता आधी लक्षात घ्यावी आणि ती पूर्ण होईपर्यंत गाडी बंद करू नये.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावेत, गाडी ज्या परिस्थितीत तक्रार देत होती त्याच परिस्थितीत पुन्हा चालवावी, आणि आठवडाभराने लाँग टर्म ट्रिम परत वाचावी. ती अजूनही १० च्या पलीकडे असेल तर रेस बरोबर दिसत असली तरी दुसरा दोष आत आहे, आणि तपासणी गळतीपासून पुन्हा सुरू करावी.